राणीचे पशू : ब्रिटनमधील कुलचिन्हांकित रौप्यनाणी

ग्रेट ब्रिटनच्या शाही टाकसाळीने २०१६ ते २०२१ या काळात प्रसृत केलेली, राजघराण्याच्या कुलचिन्हांतील दहा पशूंच्या आकृती असलेली नाणेमालिका. तिचे इंग्रजी नाव ‘क्वीन्स बीस्ट्स’ असे आहे. मालिकेतील नाणी सोने, चांदी व प्लॅटिनम या तिन्ही धातूंत पाडण्यात आली. त्यांपैकी २ औंस वजनाचे रौप्यनाणे संग्राहकांत व धातूच्या गुंतवणूकदारांत विशेष प्रसिद्ध आहे. वजनाने व कसाने हमी दिलेली चांदी, कायद्याने मान्य केलेले चलन आणि राजवंशीय इतिहासाचे चित्ररूप अशा तीन भूमिका हे नाणे एकाच वेळी पार पाडते. या तिन्ही भूमिकांतील मूल्ये मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. नाणकशास्त्राच्या अभ्यासकाला या नाण्याविषयी वाटणारे कुतूहल मुख्यतः या विसंगतीमुळे आहे.

स्वरूप व वर्णन : मालिकेचे आकृतिबंध टाकसाळीतील शिल्पकार जोडी क्लार्क यांनी तयार केले. नाण्याच्या दर्शनी बाजूवर दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा (कार. १९५२–२०२२) उजवीकडे पाहणारा मुकुटधारी मुखवटा आहे. हा मुखवटाही क्लार्क यांचाच असून तो २०१५ पासून ब्रिटिश नाण्यांवर येऊ लागला. सभोवती राणीचे नाव, ‘ईश्वरकृपेने राणी, धर्मरक्षक’ अशा अर्थाची लॅटिन बिरुदे संक्षिप्त रूपात आणि दर्शनी मूल्य कोरलेले आहे. मागील बाजूवर ढाल धारण करणारा पशू, त्याचे नाव, वजन, धातूचा कस व वर्ष ही माहिती असते.

२ औंसांच्या नाण्यातील चांदीची शुद्धता सहस्रांशी ९९९.९ असून त्याचा व्यास ३८.६१ मिमी. आहे. हा व्यास ब्रिटनच्या जुन्या क्राउन नाण्याचा होय. पाच पौंडांची ताम्र-निकेल मिश्रधातूची स्मारक नाणी याच व्यासाची असून त्यांचे वजन २८.२८ ग्रॅ. असते. पशुनाण्याचेही दर्शनी मूल्य पाच पौंडच आहे. परंतु त्याचे वजन दुपटीहून अधिक असल्याने ते हातात घेताच जाड व भारी वाटते. सराफी व्यवहारातील औंस हा ट्रॉय औंस असून तो ३१.१०३५ ग्रॅ. भरतो. त्यामुळे या नाण्यातील शुद्ध चांदी सु. ६२.२ ग्रॅ. होते. भारतीय परिमाणात सांगावयाचे, तर १८० ग्रेनचा तोळा हा ट्रॉय औंसाचा ३/८ भाग असल्यामुळे हे वजन ५ १/३ तोळे होते. १८३५ नंतरच्या ब्रिटिश अमदानीतील रुपयात सु. १०.७ ग्रॅ. शुद्ध चांदी असे. म्हणजे अशा सहा रुपयांतील चांदीपेक्षा या एका नाण्यातील चांदी किंचितच कमी आहे.

मालिकेतील पशूंचा प्रकाशनक्रम पुढीलप्रमाणे आहे : इंग्लंडचा सिंह (२०१६), तिसऱ्या एडवर्डचा ग्रिफिन आणि वेल्सचा लाल ड्रॅगन (२०१७), स्कॉटलंडचा एकशिंगी घोडा आणि क्लॅरेन्सचा काळा बैल (२०१८), प्लँटॅजेनेटांचा ससाणा आणि बोफर्टचा येल (२०१९), मॉर्टिमरचा श्वेत सिंह आणि हॅनोव्हरचा श्वेत अश्व (२०२०), रिचमंडचा श्वेत ग्रेहाउंड (२०२१). दहाही पशू एकाच आकृतिबंधात आणणारे समारोपाचे नाणेही २०२१ मध्येच निघाले. २ औंसांच्या नाण्याबरोबरच १० औंसांचे रौप्यनाणे व १ औंसाचे सुवर्णनाणे यांचाही या मालिकेत समावेश होता.

मूळ शिल्पे : नाण्यांवरील पशूंचा उगम २ जून १९५३ रोजी झालेल्या राज्याभिषेकात आहे. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पश्चिम द्वाराबाहेर मिरवणुकीची जुळवाजुळव करण्यासाठी एक तात्पुरता मंडप उभारण्यात आला होता. त्याच्या दर्शनी भागासाठी सरकारच्या बांधकाम मंत्रालयाने जेम्स वुडफर्ड (१८९३–१९७६) या शिल्पकाराकडून दहा पुतळे करून घेतले. पुतळे प्लॅस्टरचे व सु. १.८ मी. उंचीचे होते. प्रत्येक पशू मागील पायांवर बसलेला असून त्याने पुढील पायांत एक ढाल धरलेली होती. राज्याभिषेकाच्या वेळी केवळ ढालीच रंगविलेल्या होत्या. समारंभानंतर हे पुतळे काही वर्षे इंग्लंडमध्ये ठेवण्यात आले व १९५९ मध्ये कॅनडाला देण्यात आले. कॅनडाच्या संघराज्याच्या शताब्दीनिमित्त १९६७ मध्ये ते पूर्णपणे रंगविण्यात आले. पुढे ते क्वीबेक प्रांतातील गॅटिनो येथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आले. वुडफर्ड यांनीच केलेल्या पोर्टलंड दगडातील प्रतिकृती लंडनजवळच्या क्यू उद्यानातील ताडगृहासमोर १९५८ मध्ये बसविण्यात आल्या.

वुडफर्ड यांच्यापुढे आदर्श होता, तो हॅम्पटन कोर्ट राजवाड्याच्या खंदकावरील पुलाचा. आठव्या हेन्रीने (कार. १५०९–४७) या पुलाच्या कठड्यांवर ढालधारी दगडी पशू बसविले होते. त्यांत त्याच्या स्वतःच्या वंशातील पशूंबरोबर त्याची तिसरी राणी जेन सीमोर हिचेही पशू होते. त्याआधीची राणी ॲन बुलिन हिचा १९ मे १५३६ रोजी शिरच्छेद झाला व त्याच महिन्याच्या ३० तारखेस हेन्रीने जेनशी विवाह केला. त्यानंतर राजवाड्यातून ॲनची चिन्हे हटवून जेनची चिन्हे बसविण्याचे काम सुरू झाले. कुलचिन्हातील पशू केवळ शोभेसाठी नसत. सत्ता व वारसा कोणाकडे आहे, हे ते जाहीर करीत आणि सत्ता पालटली की तेही पालटत, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

पशू व राजवंश : यूरोपात बाराव्या शतकापासून सरदारांच्या ढालींवर वंशपरंपरेने चालणारी चिन्हे रूढ झाली. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला योद्धा ओळखता यावा, ही त्यामागील एक सोय होती. पण लवकरच ही चिन्हे मालमत्तेच्या व वारसाहक्काच्या दाव्यांची साधने बनली. निरक्षर समाजात दस्तऐवजावरील मोहोर, फडकणारे निशाण व नोकरांच्या पोषाखावरील बिल्ला यांतूनच धनी ओळखला जाई. राणीच्या दहा पशूंचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

यांतील सर्वांत प्राचीन चिन्ह इंग्लंडच्या सिंहाचे होय. पहिल्या रिचर्डच्या (कार. ११८९–९९) दुसऱ्या राजमुद्रेवर एकाखाली एक चालणारे तीन सिंह आढळतात. तेव्हापासून ते इंग्लंडच्या राजचिन्हात कायम आहेत. ग्रिफिन हा गरुडाचे मस्तक व पंख आणि सिंहाचे शरीर असलेला काल्पनिक प्राणी. तिसऱ्या एडवर्डने (कार. १३२७–७७) आपल्या खासगी मुद्रेवर त्याचा उपयोग केला. एडवर्डचा जन्म विंझर येथे झाला होता. म्हणून त्याच्या ग्रिफिनच्या ढालीवर विंझर किल्ल्याचा वर्तुळाकार बुरूज दाखविला आहे. हे विंझर घराण्याचे चिन्ह. पहिल्या महायुद्धातील जर्मनविरोधी वातावरणात पाचव्या जॉर्जने १९१७ मध्ये आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून विंझर हे नाव धारण केले. चौदाव्या शतकातील पशूच्या हाती विसाव्या शतकातील घराण्याची ढाल देऊन या नव्या नावाला जुन्या इतिहासाचा आधार देण्यात आला.

काळा बैल, ससाणा व श्वेत सिंह हे तीन पशू यॉर्क घराण्याशी निगडित आहेत. तिसऱ्या एडवर्डच्या पुत्रांच्या वंशजांत सिंहासनासाठी १४५५ ते १४८५ या काळात जी युद्धे झाली, ती गुलाबांची युद्धे म्हणून ओळखली जातात. लँकेस्टर शाखा एडवर्डचा पुत्र जॉन ऑफ गाँट याच्यापासून निघालेली होती. यॉर्क शाखेचा हक्क मात्र जॉनचा थोरला भाऊ, क्लॅरेन्सचा ड्यूक लायनेल (मृ. १३६८) याच्या कन्येच्या वंशातून येत होता. हा हक्क मॉर्टिमर घराण्याद्वारे संक्रमित झाला. चौथ्या एडवर्डची (कार. १४६१–७० व १४७१–८३) आजी ॲन मॉर्टिमर ही या घराण्यातील होती. वारसा स्त्रीद्वारे मिळतो की केवळ पुरुषपरंपरेने, हा या युद्धांतील वादाचा कायदेशीर गाभा होता. क्लॅरेन्सचा बैल व मॉर्टिमरचा सिंह ही चिन्हे मिरवून यॉर्क पक्ष त्या वादातील आपली बाजू मांडीत होता. श्वेत सिंहाच्या ढालीवर सूर्यकिरणांनी वेढलेला पांढरा गुलाब आहे, तर ससाण्याच्या ढालीवर अर्धवट उघडलेल्या पायबेडीतील ससाणा आहे. हे दोन्ही यॉर्क घराण्याचे बिल्ले होत.

लाल ड्रॅगन, येल व ग्रेहाउंड हे ट्यूडरांचे पशू. सातव्या हेन्रीने (कार. १४८५–१५०९) बॉझवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डचा पराभव करून सिंहासन मिळविले. त्याचा वंशपरंपरागत हक्क दुबळा होता. त्याची आई मार्गारेट बोफर्ट ही जॉन ऑफ गाँटच्या वंशातील खरी. पण बोफर्ट घराण्याचा मूळ पुरुष विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला होता. या घराण्याला १३९७ मध्ये औरसत्व मिळाले, तरी १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने सिंहासनाचा वारसा त्यातून वगळला. हेन्री ट्यूडरने या उणिवेची भरपाई तीन प्रकारे केली : एक, रणांगणावरील विजय, दोन, यॉर्क घराण्यातील एलिझाबेथशी १४८६ मध्ये केलेला विवाह, आणि तीन, चिन्हांचा पद्धतशीर प्रसार. वेल्समधील आपल्या मूळ कुळाचा संबंध प्राचीन ब्रिटन राजा कॅडवालाडर याच्याशी जोडून त्याने लाल ड्रॅगन निशाणावर घेतला. लाल व पांढऱ्या गुलाबांचा संयोग असलेला ट्यूडर गुलाब त्याने रूढ केला. नाण्यावरील ग्रेहाउंडच्या ढालीवर तोच आहे. येल हा फिरती शिंगे असलेला काल्पनिक प्राणी. रोमन लेखक थोरला प्लिनी याने तशा प्राण्याचे वर्णन केले आहे. मार्गारेट बोफर्टने केंब्रिज येथील क्राइस्ट्स व सेंट जॉन्स या महाविद्यालयांना जन्म दिला आणि त्यांच्या प्रवेशद्वारांवर तिचे येल कोरलेले आहेत. येलच्या ढालीवर किल्ल्याच्या दरवाजातील वर-खाली सरकणारी लोखंडी जाळी आहे. बोफर्टांचे हे चिन्ह १९७१ ते २००८ या काळात एक पेनीच्या सामान्य नाण्यावरही होते.

उरलेले दोन पशू संयोगाचे निदर्शक होत. स्कॉटलंडचा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा पहिला जेम्स झाला, तेव्हापासून इंग्लंडचा सिंह व स्कॉटलंडचा एकशिंगी घोडा हे दोघे राजचिन्हाच्या ढालीचे धारक बनले. एकशिंगी घोड्याच्या गळ्यात मुकुट व साखळी असते. जेम्सचा हा हक्क सातव्या हेन्रीची कन्या मार्गारेट हिच्या स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सशी १५०३ मध्ये झालेल्या विवाहातून आला होता. १७०१ च्या वारसा कायद्याने प्रॉटेस्टंट वारसाचा आग्रह धरला व त्यानुसार हॅनोव्हरचा जॉर्ज १७१४ मध्ये ब्रिटनच्या गादीवर आला. त्याच्यासोबत श्वेत अश्वही आला. हॅनोव्हरच्या कायद्यानुसार तेथील गादी स्त्रीला मिळू शकत नसल्याने व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये राज्यावर येताच दोन्ही देशांचा संबंध तुटला आणि हॅनोव्हरची चिन्हे ब्रिटिश राजचिन्हातून वगळण्यात आली. तरीही १९५३ मध्ये वंशावळीचा दुवा म्हणून अश्वाला स्थान मिळाले.

निवड व वगळणूक : दहा पशूंची ही यादी वंशावळीचे निःपक्षपाती चित्र नव्हे. तिसऱ्या रिचर्डचा श्वेत वराह तीत नाही. तो इंग्लंडचा अभिषिक्त राजा होता. परंतु बॉझवर्थच्या पराभवानंतर त्याच्या वंशाचा दावा संपला आणि ट्यूडरांच्या काळात त्याची प्रतिमाही मलिन झाली. व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स ॲल्बर्ट याच्या जर्मन कुळाचे प्रतिनिधित्व करणारा पशूही येथे नाही; १९१७ मध्ये टाकलेल्या नावाशी त्याचा संबंध होता. एकमेकांचा संहार करणाऱ्या पक्षांचे पशू मात्र येथे शेजारीशेजारी शांतपणे बसलेले दिसतात. सर्व विरोधी दावे एकाच व्यक्तीच्या ठिकाणी मिटले आहेत, असे १९५३ च्या शिल्पसमूहाला सांगावयाचे होते. नाणेमालिकेने हेच विधान पुढे नेले. त्यामुळे तिच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना ती पंधराव्या शतकाविषयी जितके सांगते, तितकेच विसाव्या शतकातील राजसंस्थेला आपला भूतकाळ कसा दाखवावयाचा होता, याविषयीही सांगते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पशुचिन्हांकित नाण्यांची पूर्वपरंपरा : कुलचिन्हातील पशू नाण्यावर आणण्याची प्रथा इंग्लंडमध्ये जुनी आहे. तिसऱ्या एडवर्डने १३४४ च्या आरंभी सोन्याची तीन नाणी काढली. त्यांतील मधल्या नाण्यावर निशाण पांघरलेला मुकुटधारी पशू होता व त्यावरून त्यास ‘लेपर्ड’ म्हणत. या नाण्यांचे ठरविलेले मूल्य त्यांतील सोन्याच्या बाजारभावाशी जुळत नव्हते. व्यापाऱ्यांनी ती स्वीकारण्यास नाखुशी दाखविली आणि त्याच वर्षी ती मागे घेऊन ‘नोबल’ हे नवे नाणे काढावे लागले. स्कॉटलंडमध्ये तिसऱ्या जेम्सच्या काळात एकशिंगी घोड्याचे चित्र असलेले ‘युनिकॉर्न’ हे सुवर्णनाणे पाडण्यात आले. चौथ्या जॉर्जच्या शिलिंगवर १८२५ पासून मुकुटावर उभा असलेला सिंह आढळतो.

भारतातील ब्रिटिश नाण्यांतही ही परंपरा दिसते. चौथ्या विल्यमच्या नावाने ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये पाडलेल्या सोन्याच्या मोहरेवर ताडाच्या झाडापुढे उभा असलेला सिंह आहे. सहाव्या जॉर्जच्या अखेरच्या निकेल नाण्यांवर (१९४६–४७) मात्र भारतीय वाघ आला. ब्रिटनच्या शाही टाकसाळीची एक शाखा १९१८ मध्ये मुंबईत कार्यरत होती व तेथे त्या वर्षी सु. १३ लक्ष सॉव्हरिन पाडण्यात आले; त्यांवर ‘आय’ हे टाकसाळचिन्ह आढळते. ब्रिटिश नाण्यांवरील राजाच्या बिरुदावलीत भारताच्या सम्राटपदाचा उल्लेख असे. भारत स्वतंत्र झाल्यावर १९४९ पासूनच्या नाण्यांतून तो गळला. त्यामुळे एलिझाबेथ राणीच्या कोणत्याही नाण्यावर हे बिरुद नाही.

चलनातून चांदीचे निर्गमन : पौंड हे मूळचे वजन होय. एक पौंड चांदीतून २४० पेनी पाडण्याच्या मध्ययुगीन रीतीवरून हे नाव चलनाला मिळाले. रौप्यनाण्यांचा परंपरागत कस सहस्रांशी ९२५ असा होता. १८१६ च्या नाणेसुधारणेने सोने हेच मूल्याचे प्रमाण ठरले व चांदीची नाणी दुय्यम बनली. पहिल्या महायुद्धानंतर चांदी इतकी महाग झाली की, नाण्यातील धातूचे मूल्य दर्शनी मूल्यापेक्षा वाढू लागले. अशा वेळी लोक नाणी वितळवितात. म्हणून १९२० मध्ये कस ५०० वर आणण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये चलनी नाण्यांतून चांदी पूर्णपणे गेली व तिची जागा ताम्र-निकेल मिश्रधातूने घेतली. भारतातही याच क्रमाने घडले : रुपयाचा कस १९४० मध्ये ५०० झाला व १९४७ मध्ये रुपया निकेलचा बनला.

व्यवहारातून बाहेर पडलेली चांदी पुढे गुंतवणुकीच्या नाण्याच्या रूपाने टाकसाळीत परतली. या प्रकारच्या नाण्यांचा आरंभ दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगररँड (१९६७) या सुवर्णनाण्याने झाला. चांदीत मेक्सिकोचे लिबर्ताद (१९८२), अमेरिकेचे ईगल (१९८६) व कॅनडाचे मेपल लीफ (१९८८) ही नाणी निघाली. ब्रिटनने १९९७ पासून ब्रिटानियाचे रौप्यनाणे पाडले व २०१३ मध्ये त्याचा कस ९५८ वरून ९९९ केला. लंडनमधील टॉवर हिल येथून वेल्समधील लँट्रिसंट येथे टाकसाळीचे स्थलांतर १९६८ मध्ये सुरू झाले होते. पशुनाणी या नव्या टाकसाळीतील आहेत.

मूल्यविचार : पशुनाण्याला तीन मूल्ये असतात. पहिले दर्शनी मूल्य. १ औंसाच्या रौप्य ब्रिटानियाचे दर्शनी मूल्य दोन पौंड, २ औंसांच्या पशुनाण्याचे पाच पौंड आणि १० औंसांच्या नाण्याचे दहा पौंड आहे. म्हणजे एका औंसास अनुक्रमे दोन, अडीच व एक पौंड पडतो. या आकड्यांत प्रमाणबद्धता नाही, कारण त्यांचा धातूच्या किंमतीशी संबंधच नाही. तरीही हे मूल्य निरर्थक नाही. त्यामुळे नाणे कायदेशीर चलन ठरते आणि ब्रिटिश करदात्याला अशा नाण्याच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली लाभकर द्यावा लागत नाही. उलट चांदीच्या खरेदीवर तेथे मूल्यवर्धित कर लागू होतो. गुंतवणुकीच्या सोन्याला त्यातून सूट आहे.

दुसरे धातुमूल्य. ते जागतिक बाजारातील चांदीच्या दरावर अवलंबून असते आणि हा दर फार अस्थिर आहे. जानेवारी १९८० मध्ये सट्टेबाजीमुळे तो औंसास ५० डॉलरांच्या जवळ गेला व काही महिन्यांतच कोसळला. मालिका चालू असतानाच मार्च २०२० मध्ये दर १२ डॉलरांच्या आसपास उतरला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये २८ डॉलरांपलीकडे गेला. चांदीचा मोठा वाटा उद्योगधंद्यांत वापरला जात असल्यामुळे औद्योगिक मंदीचा फटका तिला सोन्यापेक्षा अधिक बसतो.

तिसरे संग्राह्यमूल्य. मालिका मर्यादित असणे, प्रत्येक पशू ठराविक काळच पाडला जाणे आणि संच पूर्ण करण्याची संग्राहकाची ओढ यांतून धातुमूल्यावर अधिमूल्य चढते. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. विशेष चकाकीची, निश्चित संख्येने काढलेली संग्राहक-आवृत्ती वेगळी आणि मागणीनुसार पाडलेले गुंतवणुकीचे नाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात दुर्मिळता आपोआप येत नाही. नाणे विकत घेताना दिलेले अधिमूल्य विकताना परत मिळेलच, याची हमी टाकसाळ देत नाही. तिची हमी केवळ वजन व कस यांपुरती असते. चांदीच्या भावात झालेली वाढ आणि पशूच्या चित्राला आलेली मागणी यांत घोटाळा करणारा ग्राहक आपला नफा वा तोटा नेमका कशामुळे झाला, हे जाणू शकत नाही. १३४४ च्या लेपर्ड नाण्याने राजाने ठरविलेले मूल्य धातूवर लादता येत नाही, हे दाखविले. पशुनाण्याच्या बाबतीत तो प्रश्न उलट दिशेने येतो. येथे राजसत्तेने लिहिलेला आकडा धातूच्या किंमतीहून पुष्कळ कमी असतो आणि किंमत वाढविण्याचे काम राजचिन्हाकडे गेलेले असते.

परीक्षण व जतन : चांदीची घनता १०.४९ असल्यामुळे वजन, व्यास व जाडी ही तिन्ही मापे एकाच वेळी जुळविणे नकली नाण्याला अवघड जाते. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही व ती उष्णतेची उत्तम वाहक आहे. या गुणांचाही परीक्षेत उपयोग होतो. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळपट थर चढतो. अतिशुद्ध चांदीच्या नाण्यांवर कधीकधी पांढरट डागही पडतात. अशी नाणी घासून उजळविल्यास पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे उमटून संग्राह्यमूल्य घटते. धातुमूल्य मात्र जवळजवळ तसेच राहते. नाणे कडेने धरणे व कोरड्या, बंद वेष्टनात ठेवणे हे इष्ट होय.

उत्तरकाल : मालिका संपल्यानंतर २०२२ मध्ये शाही टाकसाळीने ‘ट्यूडर पशू’ ही नवी मालिका सुरू केली. तिचे आकृतिबंध डेव्हिड लॉरेन्स यांचे असून ती थेट हॅम्पटन कोर्टच्या पुलावरील पशूंवर आधारित आहे. त्यामुळे जेन सीमोरचे पशू प्रथमच नाण्यांवर आले. ८ सप्टेंबर २०२२ रोजी एलिझाबेथ राणीचे निधन झाले. त्यानंतरच्या नाण्यांवर तिसऱ्या चार्ल्सचा, मार्टिन जेनिंग्ज यांनी घडविलेला मुखवटा आला. पशू तेच राहिले आणि दर्शनी बाजूवरील राज्यकर्ता बदलला. ‘राणीचे पशू’ ही मालिका मात्र एकाच राणीच्या मुखवट्याने आरंभापासून अखेरपर्यंत अंकित असल्याने तिच्या कारकीर्दीच्या अखेरच्या पर्वाचे एक नाणकशास्त्रीय साधन म्हणून तिचे स्थान निश्चित झाले आहे.